लिबेरच्या झाडांची रात्र

१

लिबेर गेला त्या दिवशी त्याच्या झाडांना पाणी कुणी घातलं?

हे मी आईला विचारलं, लिबेरच्या दोस्ताला, तबारेला विचारलं, शेजारच्या देलिया मावशीलाही विचारलं. आईनं तोंड फिरवलं. तबारे म्हणाला, "आता हे काय काढलंस, मायको." देलिया मावशीनं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

लिबेर माझा मोठा भाऊ. मांसाच्या कारखान्यात कामाला होता. सकाळी मोटरसायकल काढली, पुलावर पोचला आणि ट्रकखाली आला. सकाळी चुलीवर पाणी ठेवताना तो शीळ घालत होता आणि दुपारी मी त्याचे बूट एका पिशवीतून घरी आणले, एवढंच मला सांगता येतं. घराला कुलूप लावून रात्रभर आम्ही अंत्यदर्शनाच्या दालनात त्याच्यापाशी बसलो. दुसऱ्या दिवशी सेर्रोच्या टेकडीमागच्या दफनभूमीत त्याला ठेवून आलो.

परत आल्यावर मी थेट मागच्या खोलीत गेलो. तिथे त्याची गांजाची सहा झाडं होती. इथे घरटी तेवढ्यांना परवानगी आहे. मला ती मोडून टाकायची होती. का, ते विचारू नका. त्याचं काहीतरी माझ्या हातून मोडावं असं वाटत होतं. मी पहिली कुंडी उचलायला गेलो, आणि ती उचलेना.

अपघाताच्या आदल्या रात्री जेवताना लिबेर मला म्हणाला होता, "कुंड्या पिसासारख्या हलक्या झाल्यात. उद्या आल्यावर पाणी घालतो. तू हात लावू नकोस, तुझ्या हातानं निवडुंगसुद्धा मेला होता."

त्या कुंड्या कापडी होत्या. मी जोर लावून एक छातीपर्यंत उचलली, तेव्हा तिच्या बुडातून पाणी निथळून माझ्या काळ्या बुटांवर पडलं. बाकीच्या पाचही तशाच जड होत्या. घर कालपासून बंद होतं. किल्ली माझ्या खिशात होती.

मी कुंडी खाली ठेवली. झाड मोडलं नाही.

२

ती खोली आधी कोळसा आणि मोडक्या खुर्च्या ठेवायची होती. लिबेरनं भिंतींना पांढरा चुना दिला, खिडकीला काळं प्लास्टिक ठोकलं, दाराच्या खालच्या फटीला गोधडीची गुंडाळी लावली. वर साखळीनं दिवा टांगला. झाडं वाढली की साखळीची एक एक कडी वर घ्यायची. एक पंखा पानं हलती ठेवायला, दुसरा वास बाहेर ओढायला, आणि त्याच्या तोंडाशी कोळशाची गाळणी. भिंतीवर ओलावा दाखवणारा एक काटा. दाराशी टायमर.

रात्री वीज स्वस्त असते, म्हणून दिवा रात्रभर चालायचा. सकाळी टायमर टक करायचा आणि त्या खोलीत रात्र व्हायची. आम्ही अंगणात उन्हात बसून पाव खायचो, आणि भिंतीपलीकडे मिट्ट काळोख असायचा. मला त्याचं हसू यायचं.

लिबेरला येत नसे. "दिवस काय, कुणीही देईल," तो म्हणायचा. "रात्र देता आली पाहिजे. फुलावर आली की यांना सलग अंधार लागतो. मधेच दार उघडलंस, काडी पेटवलीस, की यांचं डोकं फिरतं. पिकायचं सोडून नवी फुलं काढत बसतात."

"मग आत काही पडलं, जळलं तर?"

"तर हा हिरवा दिवा. हिरवा उजेड यांना दिसत नाही."

"आणि तुला?"

"मला दिसतो. मी झाड आहे का?"

हे सगळं तो आईसाठी करायचा. तिच्या बोटांचे सांधे सुजलेले, वाकडे. लिबेर सुकवलेल्या तुऱ्यांचं तेल काढायचा आणि रोज झोपताना तिच्या हातांना चोळायचा. तिला ब्लाउजची बटणं लावता येत नव्हती. तीही तोच लावायचा. बाप मी रांगत असताना नदीपलीकडे अर्जेंटिनात गेला तो गेलाच. मला शाळेत घालणारा लिबेर, मी शाळा सोडल्यावर मला कानफटात देणाराही लिबेर.

लिबेर गेल्यावर आई मला एवढंच म्हणाली, "झाडं मरू देऊ नकोस."

३

मी शिकलो. तबारे, लिबेरचा कारखान्यातला दोस्त, त्याच्या घरीही सहा झाडं होती, त्यानं मला शिकवलं. बोट मातीत खुपसून काही कळत नाही, कुंडी उचलून बघायची. हलकी लागली तरच पाणी. पाणी आदल्या दिवशी बादलीत भरून उघडं ठेवायचं, नळाचा औषधी वास उडून जायला. पिवळी पानं खुडायची, पडलेली उचलायची, नाहीतर बुरशी.

रोज संध्याकाळी दिवा लागला की मी आत जायचो आणि कुंड्या उचलायचो. त्या जडच असायच्या.

मी पाणी घातलेलंच नव्हतं. एकदाही नाही. पहिल्या आठवड्यात वाटलं, हवा दमट आहे. मग वाटलं, फरशीखालून ओल येत असेल. मी फरशीवर कोरडं वर्तमानपत्र पसरलं. ते कोरडंच राहिलं, आणि त्याच्यावरच्या कुंड्या जड. बादलीतलं पाणी मात्र कमी व्हायचं. आमच्याकडे डिसेंबर म्हणजे भर उन्हाळा, आणि त्या साली ऊन फार होतं. पाणी आटतं, मी स्वतःला म्हटलं.

मग मोज्यांच्या पट्ट्या दिसल्या.

फांद्या सरळ वर जाऊ द्यायच्या नसतात. हळूच खाली वाकवून बांधायच्या, म्हणजे सगळ्यांना सारखा उजेड मिळतो. तबारे तार वापरतो. लिबेर आईचे जुने लांब मोजे कापून त्यांच्या पट्ट्या करायचा. त्या मऊ असतात, फांदीला रुतत नाहीत. त्याची गाठही वेगळी होती, कारखान्यात मांसाला बांधतात तशी, एक टोक ओढलं की सुटणारी. मला ती कधी जमली नाही.

लिबेर गेला तेव्हा झाडं माझ्या कमरेएवढी होती. नंतर ती छातीला आली. त्या नव्या, वरच्या फांद्यासुद्धा वाकवून बांधलेल्या होत्या. पट्ट्या आईच्या मोज्यांच्या होत्या. गाठ तीच होती.

मी एक टोक ओढलं. गाठ सुटली आणि फांदी झटकन वर आली. मला वाटलं, आता ही उद्यापर्यंत अशीच राहिली तर माझं डोकं ठिकाणावर आहे.

दुसऱ्या दिवशी ती बांधलेली होती.

४

आईच्यात काय बदललं ते मला उशिरा कळलं. मी माझ्यातच होतो. एका दुपारी मी दारावर ठोसा मारून हात सुजवून घेतला होता आणि तो पाण्यात बुडवून बसलो होतो, तेव्हा दिसलं की आई मागच्या खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून बसलीय. मांडीवर थर्मास, हातात येर्बाचा तुंबा, आमचा कडू पाल्याचा चहा नळीनं ओढून प्यायचा तो. तिनं त्यात गरम पाणी ओतलं, आणि स्वतः नळीला तोंड न लावता तुंबा दाराच्या उंबऱ्यावर ठेवला.

"आई, काय करतेस?"

"हळू बोल. त्याला झोप लागत नाही."

"कुणाला?"

तिनं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मी लहान होऊन गेलो.

थोड्या वेळानं तिनं तुंबा उचलला, परत पाणी ओतलं, परत ठेवला. त्यातली येर्बा फिकी पडत चालली होती, एखाद्यानं ओढ ओढ ओढल्यावर पडते तशी. मी जवळ जाऊन बघितलं. तुंब्यात पाणी नव्हतं.

"किती वेळ चाललंय हे?"

"त्यानं अजून आभार मानले नाहीत," आई म्हणाली.

आमच्यात तुंबा परत देताना 'आभार' म्हटलं की पुरे झालं. म्हणेपर्यंत ओतणारा ओतत राहतो. लहानपणी लिबेर मला मुद्दाम म्हणू द्यायचा नाही, तोंड दाबून धरायचा, आणि मी कडू पाणी पीत बसायचो.

"आई, तूच सांडतेयस. हात थरथरतात तुझे."

"असेल," ती म्हणाली, आणि परत ओतलं.

त्यानंतर मी बघू लागलो. आई रात्री जागी असायची. दिवा लागला की उठायची, स्वयंपाकघरात फिरायची, केस विंचरायची. सकाळी टायमर टक करायचा आणि तिचे डोळे मिटू लागायचे. माझ्याबरोबर जेवायची वेळ तिची झोपायची वेळ झाली. ऊन तिला बोचायचं. देलिया मावशी हाक मारत आली की आई खोलीतूनच सांगायची, "आता नको, रात्र आहे." आणि बाहेर भर दुपार असायची.

ती वाळत चालली होती. इतक्या उकाड्यात लांब बाह्यांचं झंपर घालून असायची, आणि त्याची सगळी बटणं गळ्यापर्यंत नीट लावलेली असायची.

ती कोण लावतं, हे मी विचारलं नाही.

५

कार्निव्हलच्या दिवसांत तबारे आला. खाली रस्त्यावर ढोल वाजत होते. त्यानं खिशातून भिंग काढलं आणि दिव्याखाली एकेक तुरा तपासू लागला.

"ही झाडं तू वाढवलीस असं कुणी सांगितलं तर मी त्याला दारू पाजीन," तो म्हणाला. "बघ की, एक पान करपलेलं नाही. तुला तर साधा भात लावता येत नाही."

"पिकली का ते सांग."

त्यानं एक तुरा भिंगाखाली धरला. बराच वेळ बघत राहिला.

"हे केस बघ. फुलांवरचे. पिकत आली की तपकिरी व्हायला पाहिजेत. हे सगळे पांढरे. नवे." त्यानं भिंग पुसलं. "माझी कापून, सुकवून, बरण्यांत भरून झाली. ही एकाच दिवशी लावली होती आम्ही."

"मग?"

"मग काय. कुणीतरी यांची रात्र मोडतंय. दिवसा दार उघडतंय. आई?"

"ती दाराबाहेर बसते."

"तर फट असेल कुठे. शोध आणि बुजव." मग तो हळू आवाजात म्हणाला, "मायको, आत येताना मी तुझ्या आईला बघितलं. मला आधी ओळखूच आली नाही. ती या खोलीच्या घड्याळावर चाललीय, लेका. झाडांना चालतं ते. माणसाला नाही चालत."

"मी काय करू?"

"काप. पिकू दे, न पिकू दे. काप, खोली मोकळी कर, खिडकी उघड. लिबेर असता तर त्यानं मला आधी शिव्या घातल्या असत्या, आणि मग कापलं असतं."

आई दारात उभी होती. कधी आली कळलं नव्हतं. दिव्याच्या उजेडात ती ताजीतवानी दिसत होती.

"तबारे, तुझ्या घरी कुणी वाट बघत नाही का?" ती म्हणाली.

"बघतात, मावशी."

"मग त्यांच्याकडे जा."

तबारेनं तिच्या गालाचा मुका घेतला, तेव्हा तो किंचित दचकला. जाताना फाटकाशी मला म्हणाला, "तिच्या केसांना झाडांचा वास येतोय. कपड्यांना येतो, ते मी समजू शकतो. केसांच्या मुळांना येतोय."

६

मी फटी बुजवल्या. खिळ्यांची भोकंसुद्धा. टायमरवरच्या लाल ठिपक्यावर चिकटपट्टी लावली. मग एका दुपारी दारासमोर जमिनीवर बसलो, पाठ दाराला लावून. येईल त्याला माझ्या अंगावरून जावं लागणार होतं. आई तिच्या खोलीत झोपली होती. मी जाऊन बघून आलो होतो.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. सगळा मोहल्ला जेवून आडवा झाला होता. पत्रा उन्हानं तडतडत होता. दारामागून वास ओढणाऱ्या पंख्याची घरघर येत होती. ती दिवसरात्र चालायची. मला तिची इतकी सवय झाली होती की ऐकूच येत नसे.

मग वीज गेली.

उन्हाळ्यात जाते. पंखा मंदावला, थांबला. आणि त्याच्याखाली इतके दिवस दबून राहिलेला आवाज उघडा पडला.

तो आताच सुरू झाला नव्हता. मधूनच ऐकू येऊ लागला होता, कुणी काम करत असताना आपण दार उघडावं तसा. पाणी ओतल्याचा आवाज, बारीक धारेचा, घाई नसलेला. मग थांबला. झारी जमिनीवर टेकली. मग दोन पावलं. मग कापड ताणल्यासारखी चर्र. आणि मग श्वास, खाली वाकून काम करणारा माणूस नाकानं सोडतो तसा.

मी स्वतःला सांगितलं, उंदीर. पाणी कुंडीतून झिरपतंय. पाठीला दार लागलंय, तो माझाच श्वास आहे.

मी श्वास रोखून धरला. आतला चालू राहिला.

"सरक," आई म्हणाली.

ती माझ्यासमोर अनवाणी उभी होती. डोळे अर्धे मिटलेले. मी तिला अडवायला पाहिजे होतं. त्यासाठीच तर बसलो होतो. पण तिनं 'सरक' असं म्हटलं, मी पाचवीत असताना तिच्या वाटेत बसलो की म्हणायची तसं, आणि मी सरकलो. तिनं दार पुरतं उघडलं नाही. अंगापुरतं उघडून ती आत गेली.

मी बॅटरीवरचा हिरवा दिवा घेतला आणि मागोमाग गेलो. दार लावून घेतलं. कशासाठी लावलं, देव जाणे. लिबेरनं शिकवलं होतं म्हणून.

हिरव्या उजेडात पानं काळी दिसतात, भिंती शेवाळ्यासारख्या. आत गारवा होता आणि दमट होतं, बंद खोलीत कुणीतरी रात्रभर झोपून उठावं तसं. आई उपड्या बादलीवर बसली होती, झाडांच्या मधोमध. एक हात मांडीवर. झंपराची बाही वर सरकलेली. दुसरा हात लांब केलेला, हलकासा खाली वाकवलेला, आणि मनगटाभोवती मोज्याची पट्टी. पट्टीचं दुसरं टोक कुंडीच्या कडेला बांधलेलं होतं. गाठ मला ओळखू आली.

मनगटाच्या वर, दंडाकडे, जुन्या पट्ट्यांचे वळ होते. एकाखाली एक.

"आई," मी म्हणालो.

तिनं मान थोडी कलती केली. माझ्याकडे नाही. केसांतून कुणी हात फिरवत असलं की माणूस मान देतो तशी.

तेव्हा तिच्या मागची पानं बाजूला झाली. पंखा बंद होता. पानं बाजूला झाली आणि मधून दोन बोटं आली, तिच्या गळ्याशी, वरचं बटण नीट करायला. नखाखाली माती होती. बोटं दिसली, मनगट दिसलं. मनगटाच्या मागे काहीच नव्हतं असं नाही. मागे पानं होती.

माझ्या हातातला दिवा पडला.

७

आईला मी उचलून अंगणात आणलं. गाठ मला सुटली कशी, आठवत नाही. एक टोक ओढलं असेल. ती ओरडली नाही, फक्त उन्हात आल्यावर तिनं तोंड माझ्या छातीत लपवलं. तिचं वजन लहान मुलाएवढं होतं. मी एवढे महिने कुंड्या उचलून बघत होतो, तिला एकदाही उचललं नव्हतं.

देलिया मावशी धावत आली. आम्ही आईला अंजिराच्या सावलीत बसवलं. मावशीनं पावाचा तुकडा रश्शात बुडवून तिच्या तोंडात घातला. तिनं चघळला.

"तूच बांधून घेतलंस का ते?" मी विचारलं.

आईनं आपले हात माझ्यासमोर धरले. वाकडी, एकमेकांवर चढलेली बोटं.

"तो मला नीट बसवतो," ती म्हणाली. "दुखत नाही मग. तिथे काहीच दुखत नाही, मायको."

"मी कापणार आहे सगळं."

"कापलंस तर तो परत मरेल."

"नाही कापलं तर तू मरशील."

देलिया मावशीनं छातीवर क्रूसाची खूण केली आणि पावाचा दुसरा तुकडा बुडवला. पलीकडच्या अंगणात कुणाचा तरी रेडिओ पुटपुटत होता, वीज आली होती.

"मलाही तो पाहिजे," मी म्हणालो. आवाज फुटला माझा, आणि मला त्याची लाज वाटली नाही. "तुझ्या एकटीचा होता का तो? मला काय कुणी बटणं लावून दिली? मी रोज आत जातो, मला एक शब्द बोलत नाही तो. पण तू उरलीयस मला. तूच."

आईनं मला पहिल्यांदा नीट बघितलं. उन्हानं तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"एक ठेव," ती म्हणाली. "पाच काप. एक राहू दे. एवढं कर माझ्यासाठी."

मी मान डोलावली. देलिया मावशी तिला आपल्या घरी घेऊन गेली, हाताला धरून, भर उन्हातून.

८

कापायच्या आधी झाडांना शेवटचा लांब अंधार देतात. दिवा लावायचाच नाही, एक पूर्ण दिवस जाऊ द्यायचा. मी टायमर भिंतीतून उपटून काढला आणि दार ओढून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी छाटणीची कात्री घेऊन आत गेलो, दार लावून घेतलं, आणि हिरवा दिवासुद्धा नेला नाही. दिवा लावला असता तर मला दिसलं असतं, आणि दिसलं असतं तर माझ्यानं कापवलं नसतं.

काळोखात हातानं चाचपत पहिलं खोड शोधलं. अंगठ्याएवढं जाड झालं होतं, लाकडासारखं. हे दोघांचं काम असतं. एकानं झाड दोन्ही हातांनी आपल्याकडे वाकवून धरायचं, खोड ताणलं गेलं की दुसऱ्यानं कापायचं. एकट्याला ते नीट होत नाही. मी एका हातानं धरत होतो आणि दुसऱ्यानं कात्री दाबत होतो. झाड डुलायचं, कात्री निसटायची, पानं तोंडावर यायची. पहिल्याच झाडाला माझं बोट कापलं. मी शिव्या घालत, रडत, कुरतडत पाच आडवी केली. चिकट झालेल्या हातांना वास येत होता, रक्ताला येत होता. खोलीत माझ्याशिवाय कसलाही आवाज नव्हता.

मग मी थांबलो. आईला शब्द दिला होता.

सहाव्या झाडापाशी मी जमिनीवर बसलो. मला वाटलं, राहू दे हे एक. मी येईन संध्याकाळी, कुंडी उचलून बघीन, ती जड असेल. तेवढं पुरेल मला. आईला कळणार नाही मी किती वेळा येतो ते.

निरोप घ्यावा म्हणून मी खोडाला हात लावला.

ते सरळ नव्हतं. माझ्यापासून पलीकडे वाकलेलं होतं, आणि ताणलेलं, तारेसारखं ताठ. वरून कुणीतरी दोन्ही हातांनी ते आपल्याकडे ओढून घट्ट धरलेलं होतं, जराही हलू न देता, माझा हात पुन्हा कापू नये म्हणून धरावं तसं. मी वाट बघितली. माणूस वजन धरून उभा राहिला की थोड्या वेळानं हात थरथरू लागतात. ते थरथरू लागले, पण सोडलं नाही.

मी कात्रीचं तोंड खोडाला लावलं आणि कापलं.